जालनेकरांनो, अभ्यासकांच्या बाजूने उभे राहा

जालना जिल्ह्यातल्या शिक्षक-प्राध्यापकांनो, वकील बंधू-भगिनींनो, शेतकऱ्यांनो आणि विद्यार्थ्यांनो,

राजकीय मत शांतपणे मांडणाऱ्या अभ्यासकांवर दहशतवादाचे कायदे लावले जातात, जामिनाविना वर्षे निघून जातात, आणि आपण ‘मोठ्या शहरांतली प्रकरणे’ म्हणून पान उलटतो. हे पान आता उलटू नका. कळकळीची विनंती आहे.

डॉ. आनंद तेलतुंबडे यांचेच पाहा. यवतमाळ जिल्ह्यातल्या राजूरचा हा मुलगा नागपुरात मेकॅनिकल इंजिनिअर झाला, आयआयएम अहमदाबादला शिकला, भारत पेट्रोलियममध्ये वरच्या पदावर गेला. पुढे आयआयटी खरगपूरमध्ये प्राध्यापक झाला आणि नंतर गोव्याच्या व्यवस्थापन संस्थेत बिग डेटाचा अभ्यासक्रम सांभाळू लागला. सोबत जात, खैरलांजीचे हत्याकांड, महाडचा सत्याग्रह यांवर लेखन चालूच होते. पुण्यातल्या एल्गार परिषदेच्या प्रकरणात माओवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप त्यांच्यावर झाला. त्यांनी तो नाकारला. 14 एप्रिल 2020 रोजी, ऐन टाळेबंदीत, वयाच्या 69 व्या वर्षी ते राष्ट्रीय तपास यंत्रणेसमोर (एनआयए) हजर झाले. मुंबई उच्च न्यायालयाने 18 नोव्हेंबर 2022 रोजी जामीन देताना दहशतवादी कृत्याचा प्रथमदर्शनी पुरावा दिसत नसल्याचे म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही आणि 26 नोव्हेंबरला ते तळोजा तुरुंगातून बाहेर आले. दोन वर्षे सात महिने आत काढूनही तोवर आरोपनिश्चितीसुद्धा झालेली नव्हती.

प्रा. जी. एन. साईबाबा 90 टक्के अपंग होते, चाकाच्या खुर्चीवर असत. माओवाद्यांशी संबंधाच्याच आरोपावरून नागपूर तुरुंगात त्यांची कित्येक वर्षे गेली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना आधी ऑक्टोबर 2022 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने फेरसुनावणी सांगितल्यावर पुन्हा 5 मार्च 2024 रोजी निर्दोष ठरवले. सुटकेनंतर सात महिन्यांत, 12 ऑक्टोबर 2024 रोजी, ते गेले. त्या निर्दोषत्वाचा त्यांना उपयोग किती झाला?

प्रयोगशाळेतली माणसेही यातून सुटलेली नाहीत. कोलकात्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतले जीवशास्त्रज्ञ पार्थसारथी राय यांना 2012 मध्ये झोपडपट्टी हटवण्याविरुद्धच्या आंदोलनावरून अटक झाली होती. 2020 मध्ये एल्गार प्रकरणात एनआयएने त्यांनाही बोलावले. मे 2025 मध्ये तर पुण्यातल्या अभियांत्रिकीच्या 19 वर्षांच्या विद्यार्थिनीला समाजमाध्यमावरच्या एका पोस्टवरून अटक झाली. तिच्या सुटकेसाठी उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला.

आपल्या जिल्ह्याचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. जालना ही बियाण्यांची बाजारपेठ आहे. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचा बीडीएन-711 हा तुरीचा वाण आपल्या शिवारात आहे. मर रोगासाठी वाणाची परीक्षा कशी होते, हे शेतकऱ्यांनी एकदा तरी पाहावे. रोगाची बुरशी मुद्दाम जोपासलेल्या जमिनीत ओळीने वाण पेरतात. काही ओळी फुलोऱ्यात येता येता माना टाकतात. शास्त्रज्ञ एकेका ओळीत थांबून वाळलेली झाडे मोजतो आणि आकडा वहीत लिहितो. तो आकडा कोणाला आवडेल की नाही, याचा विचार तो करत नाही, म्हणून आपली तूर तगते. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कपाशी पोखरली. बीटी कपाशीला अळी दाद देत नसल्याचे शास्त्रज्ञ त्याआधीच सांगत होते. उद्या असे सांगणाऱ्याची जीभ भीतीने अडखळली, तर नुकसान आपलेच आहे. आणि सरकारच्या धोरणाबद्दल बोलायला घाबरणारा माणूस बियाण्याबद्दल निर्भयपणे बोलेल, या भ्रमात राहू नका.

निकोलाय वाविलोव या रशियन शास्त्रज्ञाने जगभर हिंडून पिकांचे वाण गोळा केले. सत्तेला प्रिय असलेल्या खोट्या शेतीशास्त्राला त्याने विरोध केला. 1940 मध्ये त्याला पकडले आणि 1943 मध्ये सारातोवच्या तुरुंगात तो उपासमारीने मेला. बियाण्यांच्या जिल्ह्याने तरी हे नाव विसरू नये.

चौकशीच करू नका, असे आमचे म्हणणे नाही. हिंसा करणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण लेख, भाषण, सभा, सही म्हणजे हिंसा नव्हे. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याच्या कलम 43-ड (5) मुळे पोलिसांच्या कागदांवरून आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला, तरी जामीन अडतो. मग खटला रेंगाळतो आणि निकालाआधीच शिक्षा भोगून होते. त्यात जुलै 2025 मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. त्यातले गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत, आणि ‘बेकायदेशीर कृत्य’ याची व्याख्या इतकी सैल आहे की तीत उद्या कोणीही बसू शकेल.

म्हणून आमच्या मागण्या अशा:

1. मत मांडल्यावरून यूएपीए किंवा जनसुरक्षेच्या तरतुदी लावू नयेत.

2. प्रलंबित खटले रोजच्या रोज चालवून निकाली काढावेत. ते जमत नसेल तर जामीन द्यावा. खटला लांबला तर यूएपीएतही जामीन देता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये नजीब प्रकरणात सांगितले आहे.

3. आजारी, वृद्ध आणि अपंग कैद्यांना उपचार आणि साधने अर्जविनंत्यांशिवाय मिळावीत.

आणि तुमच्याकडून हे हवे आहे. प्राध्यापकांनो, आपापल्या संघटनेत या मागण्यांचा ठराव याच महिन्यात घ्या. गावकऱ्यांनो, पुढच्या ग्रामसभेत विषय मांडा. ठरावाची प्रत आमदार, खासदार आणि मुख्यमंत्र्यांना पाठवा, पोच घ्या. वकिलांनो, अटकेची कारणे कळण्याचा, पसंतीचा वकील मिळण्याचा आणि 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर होण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 22 ने दिला आहे. अंबड, परतूर, भोकरदन, मंठा, प्रत्येक तालुक्यात हे पहिले 24 तास विनामूल्य सांभाळणारे दोन-दोन वकील पुढे या. विद्यार्थ्यांनो, 26 नोव्हेंबरला, संविधान दिनी, उद्देशिका वाचल्यावर कलम 19 आणि 21 ही मोठ्याने वाचा.

आणि सर्वांना एवढेच: मतासाठी कोणाला उचलले, तर त्याच्या घरी जा. शेजारी तोंड फिरवतात, नोकरीच्या ठिकाणी नाव टाळले जाते, तेव्हा ते घर एकटे पडते. त्या दारात दहा माणसे उभी राहिली, तर पुढच्या माणसाला बोलण्याचा धीर येईल. तुमच्या-आमच्यातून ती दहा माणसे आजच निघाली पाहिजेत.