मुरमाच्या गावाला कोकोपीट कशाला?

मांजरसुंब्याहून केजकडे निघालं की बालाघाटच्या माथ्यावर नेकनूर लागतं. आठवडी बाजाराचं गाव. माळ खडकाळ, पाऊस लहरी, उन्हाळा कडक. अशा गावातल्या माणसाने बोटभर सक्युलंटसाठी, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणाऱ्या रोपासाठी, शहरातली नर्सरी गाठावी आणि वर कोकोपीटची पिशवीही विकत आणावी, हे काही पटत नाही.

कोकोपीट पाणी धरून ठेवतं. या झाडांना तेच वाईट. चाळलेला मुरूम, विटांचा चुरा, मूठभर कुजलेलं शेणखत, झालं काम.

या सक्युलंटांपैकी जमिनीलगत पानांचा गोल फेर धरणारी एचेवेरिया मूळची मुख्यतः मेक्सिकोच्या डोंगरांतली. अतानासिओ एचेवेरिया या चित्रकाराचं नाव तिला १८२८ साली मिळालं. हावर्थिया दक्षिण आफ्रिकेची. पण परकी म्हणून बुजायला नको. पहिली आपल्या पानफुटीच्या कुळातली, दुसरी कोरफडीच्या. दोघीही दिवसा पानांवरची रंध्रं मिटून घेतात आणि रात्री उघडतात, म्हणून पाणी कमी उडतं.

कोरफडीचं पान मातीत खोचलं तर बहुधा सडतं. तिची पिल्लंच काढून लावतात. हावर्थियाचंही तेच सोपं. एचेवेरिया मात्र पानावर येते. पानफुटीला कोंब पानाच्या कडेला फुटतात, हिला देठाकडच्या टोकाला. त्यामुळे पान खुडायचं नाही. चिमटीत धरून हळूच डावी-उजवीकडे हलवत बुडासकट सोडवायचं. बूड मोडलं तर पान गेलंच म्हणायचं. मग तीन-चार दिवस सावलीत नुसतं ठेवायचं, जखम सुकू द्यायची आणि मुरमावर आडवं टाकायचं. पुरायचं नाही. दोन-तीन आठवड्यांत गुलाबीसर, केसाएवढ्या मुळ्या दिसतात, मागोमाग डाळीएवढा पानांचा फेर. जुनं पान सुरकुतत जातं. ते ओढून काढायची घाई नको, पिल्लू त्याच्यावरच जगत असतं.

हा उद्योग दसऱ्यानंतर, थंडी पडू लागली की करावा. एचेवेरियाला रात्रीचा गारवा लागतो, त्यामुळे मे महिन्यात ती कशीबशी तग धरते. तेव्हा हिरव्या जाळीखाली ठेवावी. रोज तांब्याभर पाणी ओतायची माया आवरावी, माती पुरती वाळल्यावरच द्यावं. पावसाळ्यात कुंडी पत्र्याखाली, कारण पानांच्या बेचक्यात पाणी साचलं की कूज लागते.

विकत घ्यायची ती एकच कुंडी. तीही घेताना खालची पानं टणक आहेत ना आणि बुडाशी पांढरा पिठ्या ढेकूण नाही ना, एवढं वाकून बघावं.

– बागवान