एलईडी मासेमारी: मासा चर्चेत, खलाशी अंधारात

कोकण किनाऱ्यावर मासेमारीचा हंगाम सुरू झाला की एलईडी दिव्यांचा वाद नव्याने पेटतो. रत्नागिरी, मालवणपासून गोव्यापर्यंतचे पारंपरिक मच्छीमार निवेदने देतात, आंदोलने करतात. मधूनच गस्तीनौका एखादी नौका पकडते, जनरेटर आणि दिवे जप्त होतात आणि बातमी तिथेच संपते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये देशाच्या २०० सागरी मैलांच्या आर्थिक क्षेत्रात प्रखर दिवे लावून मासेमारी करण्यास बंदी घातली. किनाऱ्यापासून १२ मैलांपर्यंतचा समुद्र राज्याच्या अखत्यारीत येतो; तिथेही महाराष्ट्राने २०२१ मध्ये कायदा दुरुस्त करून मोठ्या दंडाची तरतूद केली. तरी दिवे पेटतात, कारण त्यांत पैसा आहे.

दिवा नेमके काय करतो? पाण्यात लाल रंग काही मीटरांतच शोषला जातो. निळा सर्वांत खोल जातो, पण तो स्वच्छ, खोल समुद्रात. किनाऱ्याजवळच्या गढूळ, शेवाळयुक्त पाण्यात हिरवा अधिक दूर पोचतो. म्हणून बोटीखाली सोडायचे दिवे निळे-हिरवे किंवा पांढरे असतात. उजेडाकडे आधी प्लवंग येतात, त्यांच्यामागे तारली, बांगडा, माकुल. पिल्ले आणि मोठे असा भेद उजेड करत नाही. आलेल्या सगळ्यांभोवती पर्ससीन जाळे फिरते. चांदण्या रात्री हा खेळ फारसा जमत नाही, त्यामुळे जोर काळोख्या रात्रींवर. पारंपरिक मच्छीमारांची तक्रार रास्त आहे आणि बंदीही योग्यच आहे. मात्र या वादात त्या दिव्यांजवळ रात्रभर राबणारा खलाशी कुठेच नाही. रत्नागिरीच्या बोटींवर यांतले अनेक जण थेट नेपाळहून आलेले असतात.

एलईडी म्हटले की पहिली भीती असते डोळे जाण्याची. ती थोडी तपासून घ्यायला हवी. पूर्वी वापरात असलेल्या मेटल हॅलाइड दिव्याची बाहेरची काच फुटली तर अतिनील किरण बाहेर पडत आणि वेल्डरला होतो तसा त्रास होई: सहा ते बारा तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपणे, पाणी, उजेड असह्य. एलईडीतून अतिनील किरण जवळजवळ येत नाहीत. पांढऱ्या एलईडीत निळा प्रकाश मात्र भरपूर असतो आणि जवळून, उघड्या दिव्याकडे बराच वेळ पाहिल्यास तो दृष्टिपटलाला इजा करू शकतो. सहसा डोळा आपोआप मिटतो, मान वळते; हेच मोठे संरक्षण. दिवा दुरुस्त करताना तो पेटता ठेवून न्याहाळणे ही सवय घातक.

खरा धोका वेगळा आहे. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्याला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि प्रखर दिवा ती तयारी क्षणात पुसून टाकतो. उजेडातून वळून काठाकडे गेलेल्या खलाशाला पायातला दोर, उघडे झाकण किंवा बोटीची कड काही क्षण दिसतच नाही. पाय घसरून तो पाण्यात पडला तर इतरांनाही तो दिसेलच असे नाही. तांडेलाचीही तीच गत. बोटीच्या डाव्या बाजूचा लाल आणि उजव्या बाजूचा हिरवा दिवा पाहून समोरचा दिशा ओळखतो. या दिव्यांशी घोटाळा होईल किंवा टेहळणीत अडथळा येईल असा इतर कोणताही दिवा लावू नये, असा टक्कर टाळण्याचा आंतरराष्ट्रीय नियम आहे.

दुसरा धोका विजेचा. समुद्राचे पाणी शरीरापेक्षा चांगले वाहक असल्याने पाण्यात गळणारा प्रवाह बराचसा पाण्यातूनच निघून जातो. घात होतो तो ओल्या डेकवर, खरचटलेली केबल उघड्या हातांनी ओढताना. कोरड्या त्वचेचा रोध हजारो ओहम असतो. मिठाच्या पाण्याने भिजल्यावर शरीराचा एकूण रोध हजारच्या आसपास येतो. २३० व्होल्टला म्हणजे सुमारे २३० मिलिअँपिअर. दहा मिलिअँपिअरलाच मूठ आवळून बसते, सुटत नाही. त्याच्या दहापट प्रवाह छातीतून गेला तर हृदयाचे ठोके बेताल होऊन माणूस दगावतो. त्यात जनरेटर बंद केबिनजवळ असेल तर कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो. डोके दुखणे, मळमळ याला सगळे ‘बोट लागली’ म्हणतात.

आणि झोप. निळसर प्रकाश मेलाटोनिन दाबतो, दिवसा झोप उडते, पुढच्या रात्री हात चुकतात.

मासेमारीखेरीज बोटीला पाण्याखालचे दिवे कायदेशीरपणे लागतात. रात्री तळाची पाहणी करायची असते, पाणबुड्यांना काम करायचे असते, पर्यटन नौकाही ते लावतात. तिथे घेताना किती वॅट यापेक्षा किती व्होल्ट हे पाहावे. बॅटरीवरचे १२ किंवा २४ व्होल्टचे, आयपी ६८ दर्जाचे, किती खोलीपर्यंत चालतात हे लिहिलेले दिवे घ्यावेत. २३० व्होल्टची लाइन असेलच तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी जाणकाराकडूनच बसवून घ्यावा. डेकवर चालण्याच्या वाटेला मंद लाल दिवा पुरतो, त्याने अंधाराची नजर शाबूत राहते. पाण्यात थंड राहणारा मोठा दिवा पेटता वर ओढला की पाहता पाहता तापतो आणि हात भाजतो.

बेकायदा नौकेवर यातले काही पाहिले जाण्याची शक्यता कमी. जप्त होणारच असलेल्या सामानावर कोण खर्च करील? अपघात झाला तर दिव्यांचा उल्लेख टाळण्याकडेही कल असणार आणि ‘घसरून पडला’ एवढेच सांगितले जाणार. डॉक्टरांसाठी हा फरक मोठा आहे. विजेचा धक्का बसलेल्याचा ईसीजी लगेच काढावा लागतो. वरून जखम लहान दिसली तरी आतले स्नायू जळालेले असू शकतात, लघवी चहासारखी गडद होते आणि मूत्रपिंड निकामी होण्याची भीती असते. बोटीवर धक्का बसला तर आधी जनरेटर बंद करावा, मगच माणसाला हात लावावा. श्वास नसेल तर मिनिटाला १०० ते १२० या वेगाने छाती दाबत राहावे आणि किनाऱ्यावर आल्यावर, दंडाची भीती असली तरी, करंट लागला हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.