वाऱ्याला दोष देऊ नका, खड्डा खणा

"वारं सुटलं की आगटी टिकत नाही, हुरडा गॅसवर भाजा," असं हल्ली जो तो सांगतो. मला पटत नाही. गॅसवर कणीस वरून करपतं, आत दाणा कच्चाच.

वाऱ्याने विस्तव थंड होत नाही, उलट भराभर जळून संपतो. जमिनीवर उघडी पेटवली की असंच होणार. हातभर खोल खड्डा घ्या, निघालेली माती वाऱ्याच्या अंगाला बांधासारखी लावा. गोवऱ्यांचा जाळ बसला की निखाऱ्यावर राख राहू द्या अन् त्या गरम राखेत कणसं खोचा. राख हीच आगटीची गोधडी, ती फुंकून उडवू नका. शेजारी लहान खड्ड्यात चार गोवऱ्या पेटत्या ठेवा, आगटी उतरली की भर घालता येते. मग गुळभेंडी असो की फुले मधुर, दाणा मऊच निघणार.

दोन सालांमागं मी आळस केला, वरच पेटवली. एक ठिणगी उडाली अन् कडब्याची अख्खी गंज गेली. उन्हाळाभर वैरण विकत आणली. त्यामुळं अर्धा तास खणायला कुरकुरू नका. अन् उठताना आगटीत पाणी ओता.