सह्यांच्या शाईने जग जोडले जात नाही : वऱ्हाडची साक्ष

१/ सभागृहात दोन देशांचे ध्वज, मधोमध फुलदाणी, दोन सह्या आणि टाळ्या. दुसऱ्या दिवशी बातमी येते : ‘परदेशी विद्यापीठाशी सामंजस्य करार’. त्या करारान्वये पुढे कोण गेले, कोण आले, काय शिकले, हे मात्र कुणी विचारीत नाही. मित्रहो, आजचा थ्रेड त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी आहे. साक्षीला अमरावती आणि अकोला.

२/ जगाशी जोडले जाणे वऱ्हाडला नवे नाही. १८५३ च्या तहाने निजामाने हा प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या जमिनीवर पडली. १८६७ मध्ये लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचला.

३/ पण ही भागीदारी होती काय? इथून सरकी काढलेला कापूस गेला, तिथून कापड आले. भाव लिव्हरपूलचा, जोखीम वऱ्हाडी कुणब्याची. अमरावतीत किंग एडवर्ड महाविद्यालय उघडले ते १९२३ साली, म्हणजे गाठोडी वाहून नेणारी रेल्वे आल्यानंतर ५६ वर्षांनी. जोडले जाणे वेगळे आणि बरोबरीने बसणे वेगळे, हा पहिला धडा.

४/ आता दुसरे चित्र. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. अमरावतीला स्वतःचे विद्यापीठ मिळायला तेव्हा ४७ वर्षे अवकाश होता. मानांकन नव्हते, करार नव्हता. दाखवण्याजोगे स्वतःचे काहीतरी होते.

५/ ही गोष्ट आपण सारे अभिमानाने पुढे पाठवतो. पण तिच्या शेवटी बहुधा ‘खुद्द हिटलरने कौतुक केले’ हे शेपूट असते. ते छाटून टाका. त्याच राजवटीने आदल्याच वर्षी न्यूरेंबर्ग कायदे करून ज्यूंचे नागरिकत्व हिरावले होते. आपल्या मातीतल्या विद्येची किंमत ठरवायला असली शाबासकी लागावी, हीच गुलामी. करारापुढचे ध्वज मोजणारी वृत्ती हिचीच धाकटी बहीण.

६/ तिसरे चित्र पंजाबराव देशमुखांचे. जन्म १८९८, गाव पापळ. एडिंबरो आणि ऑक्सफर्ड येथे शिक्षण, बॅरिस्टरी, वैदिक वाङ्मयातील धर्मावर प्रबंध. परतल्यावर हा माणूस विलायती पदवीची पाटी लावून बसला नाही. अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय आणि १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था, म्हणजे शेतकऱ्यांच्या पोरांसाठी शाळा, हे त्यांच्या परदेशगमनाचे फलित.

७/ पुढे केंद्रीय कृषिमंत्री असताना, १९५९ च्या डिसेंबरात, दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले. त्याचे सूत्रधार पंजाबरावच. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर उद्घाटनास हजर होते. ऑक्सफर्डला शिकायला गेलेला वऱ्हाडी आता जगाला आपल्या अंगणात बोलावीत होता.

८/ आणि आता या थ्रेडचा गाभा. ज्या यादवी युद्धाने आपला कापूस लिव्हरपूलला पळविला, त्याच युद्धाच्या धामधुमीत, १८६२ साली, अमेरिकेने मॉरिल कायदा केला. सरकारी जमिनीच्या उत्पन्नातून शेतकी आणि यंत्रविद्येची महाविद्यालये उभी राहिली. अध्यापन, संशोधन आणि शेताच्या बांधापर्यंत विस्तार, ही त्यांची पुढे घडलेली रीत.

९/ कापूस तात्काळ गेला. ही कल्पना आपल्यापर्यंत यायला शतक उलटले. इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने १९६० मध्ये पंतनगर उभे राहिले. अकोल्याचे कृषी विद्यापीठ मात्र सह्यांनी आले नाही. विदर्भातील लोक त्यासाठी रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे २० ऑक्टोबर १९६९ रोजी ते स्थापन झाले. कल्पना परदेशी, पण हट्ट वऱ्हाडी.

१०/ म्हणूनच ती रुजली. कपाशीचे ‘पीकेव्ही हायब्रीड-२’ आणि देशी कपाशीचे ‘एकेए’ वाण याच विद्यापीठाचे. ‘पीकेव्ही’ म्हणजे पंजाबराव कृषी विद्यापीठ. बियाण्याच्या पिशवीवर उमटलेली ती तीन अक्षरे कोणत्याही करारपत्रापेक्षा मोठी आहेत.

११/ आजचे काय? २०२२ च्या यूजीसी नियमांनुसार परदेशी विद्यापीठासह संयुक्त वा दुहेरी पदवी देण्यास नॅकचे किमान ३.०१ गुण, एनआयआरएफच्या पहिल्या शंभरात स्थान किंवा ‘उत्कृष्टता संस्थे’चा दर्जा, यांपैकी एक हवे. दुसरीकडे नॅक करारांची संख्या मोजते. मोजणी आली की सह्या वाढतात. त्या मोजणीत ‘कार्यरत’ हा शब्द आहे, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते.

१२/ ‘करारानेच दार उघडते’, असे कुणी म्हणेल. मान्य. कागदाविना श्रेयांकांची देवघेव होत नाही, परदेशी प्रयोगशाळेत पाऊल पडत नाही. पण दार उघडून आत कुणीच जात नसेल, तर ते दार नव्हे, भिंतीवरचे चित्र होय.

१३/ ‘लहान शहराकडे जगाला देण्यासारखे काय आहे?’ हा आक्षेप तर अज्ञानाचा. बेसॉल्टमधील लोणारचे आघातविवर. त्यावर भारतीय आणि अमेरिकी भूवैज्ञानिकांनी मिळून केलेले संशोधन १९७३ मध्येच प्रसिद्ध झाले. मेळघाटातील कोरकू, म्हणजे मुंडा कुळातील सर्वांत पश्चिमेची भाषा. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. या विषयांचा अभ्यास करू पाहणाऱ्या जगाला वऱ्हाडात यावेच लागेल. यजमान तयार आहे काय?

१४/ म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक विद्यापीठाने आपल्या प्रत्येक कराराखाली चार आकडे जाहीर करावेत : किती विद्यार्थी गेले, किती आले, किती संशोधन एकत्र झाले, आणि त्यातले गावापर्यंत काय पोहोचले. पाच वर्षे चारही रकाने शून्य राहिले, तर तो करार यादीतून काढावा.

१५/ अमरावतीचे विद्यापीठ गाडगेबाबांच्या नावाचे आहे. बाबा गावात येत, ते हाती खराटा घेऊन. आधी झाडलोट, मग कीर्तन. करारांच्या फायलींनाही आज तोच खराटा हवा. लेखनसीमा.