विळीचे पाते

विळी खरेदी करताना पात्याच्या चकाकीवर भाळण्याचा जो रिवाज हल्ली सर्रास पडला आहे, तो मला मुळीच मंजूर नाही; कारण १९१३ साली शेफिल्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी सिद्ध केलेल्या स्टेनलेस पोलादात सुमारे १३ टक्के क्रोमियममुळे गंजाला अटकाव झाला, हे निर्विवाद असले, तरी बाजारातील स्वस्त पात्यांत कर्बाचे प्रमाण बेताचेच असल्याने त्यांची धार फार काळ टिकत नाही. याउलट, लोहाराने लाल तापवून पाणी दिलेले आणि पुन्हा मंद आचेवर धरून ठिसूळपणा घालवलेले कर्बयुक्त पोलादी पाते कैरीच्या आंबट रसाने काळवंडते खरे, पण सहाणेवर चार वेळा घासताच कोथिंबिरीची जुडी न चेंगरता, नुसत्या स्पर्शासरशी चिरते. ते काम आटोपताच पुसून कोरडे करावे व पावसाळ्यात त्यावर खोबरेलाचे बोट फिरवावे.