विमानाचा पत्रा आणि कांद्याची पट्टी

मागच्या रविवारी एका मित्राकडे गेलो होतो. हॉलमध्ये नवीन फ्रेम. काळं लाकूड, मध्ये रंग उडालेला हिरवट पत्रा, खाली पितळी पाटी. "स्पिटफायर आहे, दुसऱ्या महायुद्धातलं. महिन्याचा पगार गेला," साहेब खुशीत. म्हटलं, भारीच! मग विचारलं, कुठलं विमान? नंबर काय? पडलं की मोडीत काढलं? पायलट वाचला का?

"अरे, आर्ट आहे ते!"

इथेच माझं डोकं फिरतं.

मी मार्केट यार्डात राहतो. इथे कांद्याची चार पोती विकली तरी पट्टी होते: शेतकऱ्याचं नाव, वजन, भाव, हमाली, तोलाई. कांद्याला कागद, आणि ज्यात बसून कदाचित कुणी जीव दिला त्या पत्र्याला काहीच नाही? स्पिटफायर २०,००० वर बनली होती. जुन्या ॲल्युमिनियमच्या कुठल्याही तुकड्याला ते नाव चिकटवता येतं. नंबर नसेल तर मंडळी, तुम्ही भंगार घेताय, फक्त फ्रेमच्या भावात.

बरं, कागद असला तरी प्रश्न उरतोच. पडलेल्या विमानात कधी कधी पायलटही असतो. म्हणून तर ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्यानुसार लष्करी विमानाचे अवशेष परवान्याशिवाय उकरता येत नाहीत.

"मग काय भट्टीत जाऊ द्यायचं?" मित्राचा हा प्रश्न मात्र रास्त आहे. आपली विक्रांत वाचली नाहीच. २०१४ मध्ये मुंबईत तोडायला घेतली. थोडं पोलाद आकुर्डीच्या बजाजने वितळवून २०१६ च्या मोटरसायकलच्या टाकीत घातलं. थोड्या भंगारातून अर्झान खंबाटांनी शिल्प केलं, ते मुंबईत नौदल गोदीजवळ रस्त्यावर उभं आहे. मला ते शिल्प चालतं. का? कुठल्या जहाजाचं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि ते कुणाच्या हॉलमध्ये नाही.

पण सगळ्यात चांगलं म्हणजे न कापणं. ४ डिसेंबर १९७१ ला विक्रांतवरून सी हॉक विमानं उडाली आणि कॉक्स बाजार, चितगावावर हल्ले केले. त्याच जातीचं विमान गोव्यात, दाबोळीजवळच्या नौदलाच्या विमान संग्रहालयात अख्खं उभं आहे. तुकड्यांना गिऱ्हाईक वाढलं की अख्खं विमान ठेवण्यापेक्षा कापणं परवडायला लागतं. साधा हिशोब आहे.

तेव्हा पुढच्या गोवा ट्रिपला बीचवरून दोन तास काढा. आणि तुकडा घ्यायचाच असेल तर आधी पट्टी मागा. नसेल तर सरळ उठून या.

मित्र अजून फोन उचलत नाहीये. असो :)