गर्दी कोणाला म्हणायचं?

आधीच सांगून टाकतो. वाघाशी माझं भांडण नाही.

कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयातला वाघ मार्च २०२० पासून मार्च २०२२ पर्यंत, म्हंजे मोजून दोन वर्षं, पाहुण्याचं तोंड न बघता राहिला. बरंच वाटलं असेल त्याला. माझं भांडण आहे ते कुठलं फाटक आधी उघडायचं आणि कुठलं शेवटी, हे ठरवणाऱ्या डोक्याशी. ते डोकं कधी आजारी पडत नाही. त्याला लसही लागत नाही.

आमची वस्ती कात्रजच्या डोंगराच्या पायथ्याला. दहा बाय दहाची खोली, माणसं पाच. त्यात ताईचा पोरगा, तेव्हा आठ वर्षांचा. शाळा बंद, खेळायला बोळ, बोळात पोलिसांची शिट्टी. रोज विचारायचा, ‘मामा, वाघाला कोरोना झालाय का? मग फाटक का बंद?’ पहिले काही महिने मी त्याला नीट समजावून सांगितलं. ९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले रुग्ण आपल्या पुण्यातच सापडले होते, मार्चमध्ये फाटकं लावली ती बरोबरच लावली. माणसं मरत होती. आम्ही काय रोगाच्या बाजूचे नाही.

पण बंद करताना सगळ्यांना एका रांगेत उभं करणारी व्यवस्था उघडताना मात्र रांग मोडते. उघडायला सुरुवात झाली तेव्हा पहिल्यांदा काय उघडलं? मे २०२० मध्ये दारूची दुकानं. ऑक्टोबर २०२० मध्ये हॉटेलं आणि बार, निम्म्या खुर्च्यांवर. मग दुसरी लाट आली, पुन्हा सगळं बंद. मग २२ ऑक्टोबर २०२१ पासून नाट्यगृहं, सिनेमागृहं आणि करमणुकीची उद्यानं. फक्त पाण्यातले खेळ तेवढे नाहीत. खोपोलीकडच्या थीम पार्कात पाळणे फिरायला लागले. तिथलं तिकीट हजाराच्या घरात, आणि तिथवर जायला गाडी लागते. कात्रजचं तिकीट तेव्हा मोठ्या माणसाला ४० रुपये होतं, लहानाला १०, आणि जायला पीएमटी. (पीएमपीएमएल म्हणा हवं तर, आम्ही पीएमटीच म्हणतो.) हजारवालं उघडलं. चाळीसवालं बंद.

कोणी पांढरपेशा मित्र लगेच म्हणेल, अरे, प्राण्यांना धोका होता. होता ना! मे २०२१ मध्ये हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयात आठ सिंहांना लागण झाली. ते मी वाचलंय. जाळीपासून लांब उभं करा, मास्क लावा, हवं तर सिंहाचा पिंजरा झाका. पण मुंबईची राणीची बाग फेब्रुवारी २०२१ मध्ये उघडली, दुसऱ्या लाटेत बंद झाली, आणि हैदराबादचे सिंह आजारी पडून गेल्यावरही नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा उघडली. तिथेही वाघ आहेत. भायखळ्याच्या वाघाची छाती कात्रजच्या वाघापेक्षा मोठी असते काय? मग पुण्याच्या गरिबाच्या पोरानं मार्च २०२२ पर्यंत थांबायचं कारण काय?

कारण एकच. ह्यांच्या भाषेत आपल्या माणसांना एक शब्द ठरलेला आहे. गर्दी.

मॉलमध्ये माणूस शिरला की तो ग्राहक. थिएटरात प्रेक्षक. थीम पार्कात पर्यटक. तोच माणूस बायकापोरं, आई, चटणीभाकरीचा डबा घेऊन रविवारी कात्रजला उतरला की त्याची गर्दी होते. ग्राहकानं अर्थचक्र फिरतं म्हणतात. गर्दीनं काय फिरतं? गर्दीनं रोग फिरतो! च्यायला, हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात?

पुरावा देतो. तिसऱ्या लाटेत, १० जानेवारी २०२२ पासून लागू झालेला सरकारी आदेश काढून बघा. मॉल निम्म्या माणसांवर चालू. हॉटेलं निम्म्यावर चालू. थिएटरं निम्म्यावर चालू. आणि बंद काय? मनोरंजन उद्यानं, प्राणिसंग्रहालयं, संग्रहालयं आणि किल्ले. किल्ले! भर वाऱ्यात, उघड्या आभाळाखाली उभे असलेले किल्ले. खिडकी नसलेल्या, एसी लावलेल्या डब्यात बसून पॉपकॉर्न खाताना विषाणू निम्मा होतो आणि सिंहगडाच्या वाऱ्यावर दुप्पट होतो काय? बंद जागेत, शिळ्या हवेत हा रोग जास्त पसरतो हे तोवर सगळ्या जगाला कळलं होतं. कात्रजचं आवार तळं धरून सुमारे १३० एकर आहे. पुण्यात एवढी मोकळी हवा तेव्हा दहा रुपयांत दुसरीकडे कुठे मिळत होती, मला सांगा.

आणि खरी गर्दी कुठे होती ते तर ह्यांनी स्वतःच मोजलंय. जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये पुण्याच्या पाच प्रभागांत १,६६४ माणसांचं रक्त तपासलं. ५१.५ टक्के माणसांना रोग होऊन गेलेला. लोहियानगर-कासेवाडीत ६५.४ टक्के. सामाईक संडास वापरणाऱ्यांत ६२.३, घरात स्वतःचा संडास असणाऱ्यांत ४५.३. म्हंजे आपल्या माणसाला रोग वाघाच्या पिंजऱ्यापुढे नाही झाला. तो संडासाच्या रांगेत झाला. ती रांग कुठल्या आदेशानं बंद केली? तिथं कोण म्हणालं, पन्नास टक्के क्षमतेनं संडासला जा?

लोहियानगरावरून आठवलं. त्याला लागूनच गंज पेठ, आणि तिथं महात्मा फुल्यांचा वाडा. त्या वाड्यातला हौद जोतिबांनी १८६८ मध्ये अस्पृश्यांना खुला केला. पुण्यात हौद काय कमी होते? कात्रजचं तळं पेशव्यांनी बांधलं, आणि तिथून जमिनीखालच्या नळांनी पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांच्या हौदांपर्यंत नेलं. कात्रजच्या डोंगराचं पाणी. आमच्या डोंगराचं! पेठेत पोचलं की ते आम्हाला बाटवायला मिळेना. आज त्याच तळ्याच्या काठाला हे प्राणिसंग्रहालय आहे, आणि दोन वर्षं आम्ही पुन्हा भिंतीच्या ह्या बाजूला.

जात आणि तिकीट एक नव्हे, हे मला कळतं. कोणी आम्हाला जात विचारून फाटक लावलं नाही. पण दहा रुपयांचं तिकीट काढणारा कोण आणि हजाराचं काढणारा कोण, हे पुण्यात जात न विचारताही कळतं.

आणि ते ‘सामाजिक अंतर’! फोन लावला की तेच, भिंतीवर तेच. जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०२० मध्येच म्हटलं होतं की ‘शारीरिक अंतर’ म्हणा, माणसं समाजातून तुटायला नकोत. आपल्याकडे ‘सामाजिक’च चिकटून बसलं. बसणारच. ते ह्यांच्या जिभेला सवयीचं आहे. पेशवाईत ह्याच पुण्यात आमच्या बापजाद्यांना गळ्यात गाडगं बांधून फिरावं लागायचं, थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय. आमची थुंकी तेव्हापासूनच संसर्गजन्य.

माझी आई एका सोसायटीत झाडायला जाते. जिन्याला, पार्किंगला हात तिचा. पहिल्या लाटेत सगळं शहर घरात बसलं तेव्हा ती जात होती, कारण कचरा घरात बसत नाही. तिला लिफ्ट बंद केली. कमिटीनं कागद लावला, कामवाल्यांनी जिना वापरावा. त्याच लिफ्टमधून एका साहेबाचं कुत्रं फिरायला जायचं. आईचे गुडघे दुखतात. ती मला म्हणाली, ‘जाऊ दे रं, कुत्र्याला जिना उतरता येत नसंल.’ ती हसत होती. मला हसू आलं नाही.

१८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घातलं आणि यशवंताच्या दवाखान्यात नेलं. त्याच साथीत १० मार्चला त्या गेल्या. अंतर कसं पाळावं हे त्यांना कळत नव्हतं असं कोणी म्हणेल काय? त्यांना कोणापासून पाळायचं आणि कोणापासून नाही हे कळत होतं, एवढंच.

म्हणून दोस्तहो, एक मागणी आत्ताच लिहून ठेवा, साथ नसताना. साथ आली की कोणी ऐकत नाही, तेव्हा सगळे ‘तज्ज्ञ’ होतात. पुन्हा साथ येईल, आणि आली की उघडताना पहिल्यांदा मोकळ्या हवेतली, स्वस्त तिकिटाची, सरकारी मालकीची जागा उघडायची. बाग, मैदान, किल्ला, प्राणिसंग्रहालय. मॉल नंतर. आत किती माणसं सोडायची ते ठरवा, मास्क सक्तीचा करा, आम्ही लावतो. पण लस घेतल्याचा कागद फोनवर दाखवा म्हणत असाल तर आधी लस वस्तीत आणा. मे २०२१ मध्ये अठरा वर्षांवरच्यांना लस खुली झाली ती ऑनलाइन नोंदणीवर. शहरातले लॅपटॉपवाले गावागावांतल्या केंद्रांवर गाड्या घेऊन पोचले, आणि त्या गावातला मजूर दारात बघत उभा. हे आपण डोळ्यांनी पाहिलंय.

२० मार्च २०२२, रविवार. कात्रजचं फाटक उघडलं. तारीख ज्यांनी काढली त्यांच्या ध्यानीमनीही नसणार, पण आपल्याला २० मार्च म्हटलं की १९२७ चं महाड आणि चवदार तळंच दिसतं. सकाळी वस्तीत बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला आणि दुपारी आम्ही सगळे, आईसकट, कात्रजच्या तळ्यावर गेलो.

लहान मुलाचं तिकीट तिथं उंचीवर ठरतं. ताई पोराला हळूच म्हणाली, जरा वाकून उभा राहा. तो काही वाकेना. दोन वर्षांत तो दहा रुपयांच्या वर गेला होता. मी खिशातून आणखी तीस काढले.